अभ्र्यावरची खूण

धुळ्यातल्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं आणि दर मार्चमध्ये परीक्षेच्या हॉलवर पहारा दिला. ज्या पोराचा हात सारखा पायमोज्याकडे जायचा, त्याच्याकडे मी बघायचेसुद्धा नाही. जो माझ्याकडे बघून गोड हसायचा, त्याचा बाक आधी तपासायचे. कॉपी तिथंच सापडायची. तेव्हापासून गोड हसणारं माणूस दिसलं की माझे कान टवकारतात. त्याला कुणी संशयी स्वभाव म्हणो, मी त्याला अनुभव म्हणते.

म्हणून जळगावच्या त्या वृद्धाश्रमात पहिल्या दिवशी ऑफिसातली मॅडम हात धरून म्हणाली, "बाई, हे आता तुमचंच घर समजा हं," तेव्हा मी मनात म्हटलं, चला, इथं काहीतरी दडवलेलं आहे.

मी तिथं राहायला आलेच नव्हते मुळी. मी पाय बरा करायला आले होते. घरी न्हाणीघरात पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर. एका संध्याकाळी मुलानं माझ्या पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि म्हणाला, "आई, जळगावला मेहरूणकडे एक चांगली जागा आहे. नर्स असते, व्यायाम करून घेणारी असते. पाय बरा होईपर्यंत राहा."

"धुळ्यात नाही का अशी जागा?"

"आहेत. पण ही चांगली आहे."

तेव्हा क्षणभर मनात आलंच, की धुळ्यात आपल्याला ओळखणारे फार, निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलंय, म्हणून हा मला जळगावला नेतोय का? पण लगेच स्वतःलाच दटावलं. पोटच्या पोराबद्दल असला विचार करतात का कुणी? 'पाय बरा होईपर्यंत' एवढे शब्द मी घट्ट धरून ठेवले आणि गाडीत बसले.

संशयासाठी तिथं बाकीचे पुष्कळ होते. खोलीत माझ्यासोबत एक अक्का. नरडाण्याकडच्या शेतकरी घरातली, गळ्यात काळी पोत, बोलणं सगळं अहिराणी. तिचं लक्ष माझ्या बिस्किटांच्या डब्यावर असायचं. समोरच्या खोलीत एक नाना, निवृत्त पोस्टमास्तर, हात थरथरणारे. ते सगळ्यांची चौकशी करायचे, म्हणजे नक्कीच बातम्या ऑफिसात पोचवत असणार. आणि मॅडम तर काय, हसतच असायची.

त्यात कपड्यांचा घोळ. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जायचे आणि परत येताना कुणाचं काय कुणाकडे जाईल त्याचा नेम नाही. एकदा माझा परकर नानांच्या गठ्ठ्यात निघाला. त्या भल्या माणसानं तो जेवणाच्या हॉलमध्ये उंच धरला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "हा कुणाचा?" मी आमटीत भाकरी कुस्करत राहिले. ओळख देईन तर शपथ! परकर गेला तो गेलाच. आधी म्हणे कपड्यांवर पेनानं खोलीचे नंबर घालत, पण ते धुण्यात जात, आणि राहिले तरी निम्म्या लोकांना आपला नंबर आठवत नसे.

एका गुरुवारी जेवण झाल्यावर मॅडमनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवून ठेवलं. एक पस्तिशीची बाई आली. शहरातच त्यांचा ओढण्या रंगवायचा, छापायचा घरचा धंदा, सासरी-माहेरी दोन्हीकडे तेच. खांद्याला पिशवी, पिशवीत रंगाच्या बाटल्या. दुसऱ्या पिशवीतून तिनं भेंड्या काढल्या, लिंबं काढली, एक कारलं, आणि केळीच्या पानाचा जाडजूड दांडा. मी म्हटलं, ही छपाईवाली आहे की भाजीवाली?

"आजपासून प्रत्येकाची एक खूण," ती म्हणाली. "आधी उशीच्या अभ्र्यावर, मग टॉवेलवर, मग साड्यांच्या आणि धोतरांच्या कोपऱ्याला. नंबर विसरतो माणूस, भेंडी नाही विसरत."

सगळे हसले. मी नाही हसले. मला एवढंच दिसत होतं की ही बाई फुकट शिकवते आहे. फुकट कोण काय करतं हो हल्ली? शिवाय मधूनमधून फोननं फोटो काढत होती. आमचे फोटो घेऊन ही करणार काय? आणि आदल्या दिवशी ताटात भेंडी जरा कमीच पडली होती, तेही माझ्या लक्षात होतं.

पण काम मात्र मी नीट बघितलं. भेंडी आडवी कापायची, कापलेलं तोंड फडक्यानं टिपून घ्यायचं, नाहीतर पाणी सुटून रंग पसरतो. ताटलीत स्पंजाचा तुकडा, त्यावर रंग. भेंडी स्पंजावर टेकवायची, कापडावर दाबायची आणि सरळ वर उचलायची. घासायची नाही. अभ्र्याच्या आत वर्तमानपत्र सरकवायचं, म्हणजे रंग मागच्या बाजूला उतरत नाही. भेंडीचं पाच पाकळ्यांचं फूल उमटलं तेव्हा अक्का केवढ्यानं ओरडली, "माय वं! फूल शे ना हाई!" नानांच्या हातून लिंबाची फोड घसरत होती, तर छपाईवालीनं तिला काटा टोचून दिला, मुठीत धरायला. तरी हात थरथरला आणि एका लिंबाची दोन लिंबं उमटली. नाना म्हणाले, "राहू दे, हीच माझी खूण. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

मग ती माझ्यासमोर आली. "बाई, तुमची खूण काय ठेवू?"

"मला नको. मी पाहुणी आहे. पाय बरा झाला की घरी जाणार."

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनं खिडकीकडे पाहिलं. परीक्षेच्या हॉलमध्ये दोन बाकांवरची पोरं अशी एकमेकांकडे बघतात, तेव्हा कागद कुठल्या बाकाखाली आहे ते मला न वाकता कळतं. मी विचारलं, "का? काय झालं?"

"काही नाही बाई," मॅडम म्हणाली. "सगळ्यांचंच करायचंय, म्हणून."

"सगळ्यांत मी नाही," मी म्हणाले आणि काठी टेकत खोलीत गेले. कुठंतरी पाणी मुरत होतं. मॅडमला खोल्या भरलेल्या हव्यात, हे उघड होतं. एकदा माझ्या वस्तूंवर इथली खूण पडली की मी इथलीच झाले, असा तिचा डाव असणार, आणि ही छपाईवाली तिला सामील.

संध्याकाळी अक्काला म्हटलं, "मी काही खूणबिण करणार नाही."

अक्का गुडघे चोळत बसली होती. "कसाले घाबरस वं बाई? रंगच शे तो."

"रंगाला नाही घाबरत. मला घरी जायचंय."

अक्कानं गुडघे चोळायचं थांबवलं. मग हळूच म्हणाली, "माले बी असंच सांगेल व्हतं."

मला असा राग आला! तुझी पोरं तशी असतील, माझा मुलगा तसा नाही, असं तोंडावर आलेलं मी कसंबसं गिळलं. तिच्याशी बोलणंच बंद केलं आणि बिस्किटांचा डबा कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला विचारलं, "खरं सांग, माझा पाय कसा आहे?"

"मस्त आहे बाई. आता जिना चढायला हरकत नाही. कठड्याला धरा, घाई करू नका."

मी त्याच दिवशी गच्चीपर्यंत चढून गेले. दम लागला, पण गेले. गच्चीवर दोऱ्यांवर अभ्रे वाळत होते, भेंडीचे, कारल्याचे, नानांच्या दोन-दोन लिंबांचे. तिथूनच मुलाला फोन लावला. "अरे, मी जिना चढले! सगळा! आता कधी नेतोस?"

 तो म्हणाला, "अरे वा. छानच की. एकदा डॉक्टरांना दाखवू, मग बघू."

"डॉक्टरांना कधी दाखवायचं?"

"बघू ना, आई."

हे 'बघू' मला आवडलं नाही. पण बिचारा ऑफिसात असेल, माणसं असतील समोर, असं मी त्याच्या वतीनं मलाच समजावलं. मॅडमनं त्याचे कान भरले असतील, 'आत्ताच नेऊ नका' म्हणून. तसंच असणार. दर रविवारी तो यायचा, मेहरूणची बोरं आणायचा, तासभर बसायचा, आणि मी घरी यायचं काढलं की घड्याळ बघायचा. त्याचाही दोष मी त्या मॅडमलाच दिला.

त्या आठवड्यात माझा अभ्रा धुण्यात हरवला. त्याच्या जागी कुणाचा तरी तेलकट, आवळ्याच्या तेलाचा वास मारणारा अभ्रा माझ्या उशीवर आला. शी! मी त्यावर डोकं ठेवेन होय? उशीवर माझी शाल पसरून झोपले. पुढच्या गुरुवारी निमूटपणे हॉलमध्ये जाऊन बसले.

छपाईवालीच्या तोंडावर हसू होतंच. मी म्हटलं, "हसू नकोस. हे तात्पुरतं आहे."

"हो बाई. काय घेता, लिंबू की कारलं?"

मी केळीचा दांडा घेतला. तो आडवा कापला की आत बारीक बारीक चौकटींची जाळी असते, गणिताच्या वहीतल्या चौकटींसारखी. तिनं आधी एका चिंधीवर करून बघायला लावलं. मग अभ्र्यावर. हिरव्या रंगात बुडवलेला दांडा दाबला, उचलला, आणि खाली ती जाळी अशी सुबक उमटली की मी विसरूनच गेले, मी कशासाठी रागावले होते ते. काठाकाठानं ओळीत उमटवत गेले. अंतर सारखं, ओळ सरळ. नाना वाकून म्हणाले, "बाई, फूटपट्टी लावली काय?" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. हाताला काम मिळून किती महिने झाले होते.

"वाळलं की उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरवते," छपाईवाली म्हणाली. "त्याशिवाय रंग पक्का होत नाही."

"म्हणजे इस्त्री नाही केली तर जातो?"

"जातो ना. धुण्याधुण्याला फिकट होत जाणार."

"मग माझ्या अभ्र्यावर इस्त्री नको. कच्चाच राहू दे. रंग जाईल तोवर मीही जाईन."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, एवढं छान झालंय..."

"नको म्हटलं ना. शपथ आहे तुला."

तिनं मान डोलावली. पण माझा विश्वास थोडाच होता! ती चिंधी मी खोलीत नेली, वाळवली आणि न्हाणीघरात साबणानं धुऊन बघितली. पाणी हिरवं झालं, चौकटी पुसट झाल्या. दुसऱ्यांदा धुतली, तर नुसता डाग राहिला. ठीक. ताळा जमला.

अभ्रा पहिल्या धुण्याहून आला. जाळी जशीच्या तशी. मी म्हटलं, पहिलंच धुणं आहे. दुसऱ्या धुण्याहून आला, हिरवा रंग तसाच करकरीत. मग मी स्वतः बादलीत घातला, साबण लावला, ब्रशनं घासला. अक्का दारात उभी राहून बघत होती. "काय व्हयनं वं?" पाणी स्वच्छ. एक थेंब रंग उतरला नाही.

कुणीतरी माझ्या अभ्र्यावर इस्त्री फिरवली होती. माझ्या पाठीमागे, मी नको म्हटल्यावर!

माझं डोकं असं तापलं की त्या डोक्यानंच इस्त्री करता आली असती. धुणाऱ्या बाईला गाठलं. ती म्हणाली, मी इस्त्रीला हात लावत नाही. नानांना विचारलं, ते म्हणाले, "या हातांनी? अख्खा आश्रम जाळीन मी." अक्कावर तर मी सरळ आरोपच केला. ती रागावली नाही, नुसती म्हणाली, "माले इस्तरी करता येस का वं?" मॅडमला विचारलं, तर तिचं हसू प्रथमच गेलं. "गुरुवारी तिलाच विचारा, बाई," एवढं बोलून ती आत निघून गेली. झालं! चोर सापडला.

गुरुवारी छपाईवाली पिशवी टेकवते न टेकवते तोच मी अभ्रा तिच्यापुढे टाकला. "तुला शपथ घातली होती मी."

तिनं अभ्रा उचलला, उलटा करून पाहिला, आणि खाली ठेवला. "मी नाही केली, बाई. खरंच नाही."

"मग कुणी केली?"

"बाई, जाऊ द्या ना."

"कुणी केली?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. हळू आवाजात सांगू लागली. "त्या दिवशी छपाई झाल्यावर तुम्ही खोलीत जाऊन झोपल्या होत्या. मी ऑफिसच्या बाहेर टेबलावर सगळ्यांचे अभ्रे इस्त्री करत होते. तुमचे चिरंजीव आले होते. मॅडमशी बोलून बाहेर आले. मला विचारलं, यातला माझ्या आईचा कुठला? मी दाखवला. म्हटलं, बाईंनी इस्त्री नको म्हणून सांगितलंय, त्यांना घरी जायचंय. ते बराच वेळ हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, करून टाका पक्का. मी म्हटलं, मी नाही करणार, बाईंनी शपथ घातलीय. तेव्हा त्यांनी माझ्या हातातून इस्त्री घेतली आणि स्वतः केली."

मी अभ्रा उचलून मांडीवर घेतला.

"फार छान केली बाई," ती उगाचच म्हणाली. "कडेकडेनं, एक सुरकुती ठेवली नाही."

ठेवणार नाहीच. पाचवीत असताना मीच त्याला शाळेच्या शर्टावर शिकवली होती. आधी कॉलर, मग बाह्या. तो गुरुवारी धुळ्याहून जळगावला आला होता, मॅडमशी बोलला होता, माझ्या अभ्र्यावर इस्त्री फिरवली होती, आणि मला न भेटता निघून गेला होता. मी पलीकडच्या खोलीत झोपले होते. मी झोपले होते, बाकी सगळे जागे होते. मॅडमला माहीत होतं, या परक्या बाईला माहीत होतं. ती तोंड फिरवून भेंड्या कापायला लागली आणि मला पहिल्यांदाच कळलं की ही बिचारी दोन आठवडे माझ्यापासून तोंड चुकवत होती, ते लबाडीनं नव्हे.

रविवारी मुलगा आला. हातात बोरांची पिशवी. मी ती घेतली नाही. अक्का उठून बाहेर गेली आणि जाताना दार ओढून घेतलं.

"इस्त्री तू केलीस," मी म्हणाले.

तो पलंगाच्या कडेवर बसला. पन्नाशीला आलेला माणूस, पण चेहरा असा झाला की जणू आता मी छडी काढणार. "कुणी सांगितलं?"

"मला कुणी सांगितलं हे महत्त्वाचं नाही. तू नाही सांगितलंस, हे महत्त्वाचं. मी घरी येणार नाही ना?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "तू पडलीस त्या दिवशी, आई, मी संध्याकाळी दार उघडलं. तू दुपारपासून फरशीवर होतीस. हाक मारायला आवाज राहिला नव्हता तुझा. आता ऑफिसातून येताना कुलपात किल्ली घालतो ना, तर हात थांबतो माझा. घर रिकामं आहे हे माहीत असून थांबतो. तुला आणलं तर दिवसभर घरी कोण? बाई ठेवून पाहिली असती, पण... नाही जमणार मला. मला भीती वाटते."

"मग हे मला का नाही सांगितलंस?"

"तू रागावली असतीस."

"रागावले असते! रडले असते, तुला बोलले असते, आठ दिवस अन्नाला शिवले नसते. आणि मग समजून घेतलं असतं. मी तुझी आई आहे, शाळेतली बाई नाही रे." मला थांबवेना. "इथल्या एकेका माणसाला मी चोर ठरवलं. त्या मॅडमला, त्या छपाईवालीला, या म्हातारीला. नानांच्या थरथरत्या हातांनासुद्धा सोडलं नाही. सगळ्या जगावर संशय घेतला मी, तुझ्यावर घ्यायची पाळी येऊ नये म्हणून."

तो तोंड झाकून रडायला लागला. मी त्याला रडू दिलं.